राईत सोडलेली एकोणीस

वलवणच्या आमच्या गल्लीत बावीस बंगले आहेत. त्यांतले चार राहते. उरलेले अठरा शनिवारी दुपारी जागे होतात आणि रविवारी संध्याकाळी परत झोपतात. लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी एकतीस वर्षं आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवली. निवृत्त झाले तरी हात ऐकेना, म्हणून गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची ठेवू लागले. तारीख, वेळ, कोण, किती, कुठून आले, कुठे गेले, जाताना काय नुकसान केलं. माणसं आणि प्राणी एकाच वहीत. दोन वह्या करायचं कारण मला कधी सापडलं नाही.

आषाढात शीळकरी कस्तूर पाण्याच्या टाकीवर बसून शीळ घालतो, तेव्हाच ओढ्यातले खेकडे रस्त्यावर चढतात आणि कुंपणाच्या बांबूवर हिरवा चापडा साप वेटोळं करून बसतो. त्यांच्या मागोमाग मुंबईचे. मुंबईचे थव्याने येतात, ओल्या कपड्यांनी हिंडतात, खाऊन उरलेलं जागेवर टाकतात. पुण्याचे जोडीने येतात, स्वतःचं पाणी स्वतः आणतात आणि इथला पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही असं एकमेकांना सांगतात. दिवाळीच्या सुमाराला पांढरा धोबी पक्षी येतो आणि शेपटी हलवत लॉनवर फिरतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मेच्या शेवटी काजवे. काजवे बघायला आलेले लोक गाडीचे दिवे चालू ठेवतात आणि काजवे दिसले नाहीत म्हणून परत जातात.

माकडं मात्र बारमाही.

एकोणीस होती. सकाळी साडेसातला धरणाकडच्या वडावरून उतरायची, तीन नंबरच्या गच्चीवरून पाच नंबरच्या भिंतीवर, तिथून समोरच्या 'निसर्गसाद' बंगल्यात. दुपारी सामसूम. चारला परत फेरी. सगळ्यात पुढे फाटक्या कानाची एक मादी. तिला मी टीसी म्हणत असे, कारण फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासल्याशिवाय ती त्याला आत सोडत नसे. पर्यटकांनीच तिला या कामावर नेमलं होतं. एकाने कणीस दिलं, दुसऱ्याने वेफर दिले, तिसऱ्याने द्यायला उशीर केला म्हणून तिने स्वतः घेतले. पुढे देण्याची वाट बघणं तिने सोडून दिलं.

'निसर्गसाद' राजेंद्रशेटचा. शेट मूळचा इंदुरीचा. वडिलांची जमीन कारखान्याखाली गेली, त्यातून हा बंगला घेतला आणि पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागला. बोलायला गोड, नमस्कार वाकून. बंगल्याची राखण कान्हूकडे. कान्हू वरच्या वाडीतला, डोंगरावरचा. इथून अडीच तासांची चढण. बायको सारजाबाई गल्लीतल्या पाच बंगल्यांची झाडलोट करायची. बंगल्याच्या मागे पाण्याच्या पंपाला लागून एक खोली होती, पत्र्याची, त्यात हे दोघं आणि मुलगी हर्षदा. वाडीतली शाळा चौथीला संपते. हर्षदा पाचवीपासून या खोलीत राहून शिकली आणि आता बारावीला होती, कॉमर्सला. पंपाच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची.

"काकू, पार्सलमध्ये बायका असतात का?" एकदा तिने विचारलं.

"एक होती," मी म्हणाले. "आता तिची जागा रिकामी आहे. परीक्षा दे."

तिने ते थट्टेवारी घेतलं नाही. रेल्वेच्या परीक्षेचा फॉर्म बारावीनंतर भरता येतो, हे ती दुसऱ्याच दिवशी स्टेशनात जाऊन विचारून आली होती.

म्हणजे त्या पत्र्याच्या खोलीवर तिची बारावी उभी होती. खोली गेली की वाडी, आणि वाडीतून रोज कॉलेज होत नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेटलाही.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी शेट सकाळीच आला. मी व्हरांड्यात घेवडा निवडत होते. रस्ता अरुंद आहे. पलीकडचं बोलणं ऐकायला कान द्यावा लागत नाही.

"कान्हू, काल पाहुण्याच्या बॅगेतून पासपोर्ट नेला त्यांनी. पासपोर्ट!"

"घावला की शेट. पन्हाळीत व्हता. वाईच चावलाय."

"वाईच चावलाय? अरे, तो माणूस दुबईला चाललाय आज!"

"फोटूपाशी न्हाई चावला. कडंला."

शेट हसला नाही. मी घेवड्यात तोंड घातलं.

"हे बघ. लोक मोबाईलवर लिहितात, बंगला छान पण माकडं फार. दसऱ्यानंतर मला इथं एक माकड दिसता कामा नये. दिसलं तर मी लातूरकडचं एक जोडपं बघून ठेवलंय. खोली त्यांना. मग हर्षदाची बारावी मला सांगायची नाही."

"फेब्रुवारीत परीक्षा हाय शेट. चार-पाच म्हैन्यांचा तर सवाल."

"मग चार-पाच महिने माकडं नकोत. सरळ हिशेब आहे."

जाता जाता शेट माझ्या फाटकाशी थांबला. "ताई, ऐकलंय की तुमच्याकडे माकडांची सगळी माहिती आहे. कधी येतात, कुठून येतात. तुमच्याइतका अभ्यास या गावात कुणाचा नाही. जरा लिहून द्याल?"

एकतीस वर्षांत माझ्या वहीला कुणी अभ्यास म्हटलं नव्हतं. साहेब लोक तिला बाड म्हणायचे. मी तीन पानं काढली, दोन रंगांत. वेळा, वाटा, झोपायचं झाड, कोण कुणाच्या मागे चालतं. खाली एकूण संख्या लिहून अधोरेखित केली. मला वाटलं कान्हूची खोली वाचेल. हेही वाटलं, पण अक्षर चांगलं यावं असं जास्त वाटलं.

आठवड्याभरात गोरख आला. माकडं धरणं हा त्याचा धंदा. कुठला ते सांगेना, म्हणून मी टेम्पोचा नंबर लिहून घेतला.

"परवानगी आहे ना?" मी विचारलं.

"शेटनी केलीय सगळी व्यवस्था." कागद मात्र दिसला नाही. माझी तीन पानं वाचून त्याने कपाळाला हात लावला. "बाई, असा कागद प्रत्येक गावात मिळाला असता तर माझे केस पिकले नसते."

त्याची रीत साधी होती. खोलीएवढा मोठा पिंजरा लॉनवर आणून ठेवायचा, वर ओढलेलं दार दोरीने बांधायचं, आणि पंधरा दिवस आत नुसतं खायला घालायचं. घालणारा माणूस रोजचा हवा, ओळखीचा. तो कान्हू. पहिले दोन दिवस माकडं भिंतीवर बसून पिंजऱ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी टीसी आत गेली, शेंगदाणे तपासले, बाहेर आली. आठव्या दिवशी पोरं गजांना लोंबकळून खेळायला लागली. कान्हू पाटी ठेवून बाजूला उकिडवा बसायचा. हर्षदा कॉलेजला जाताना त्याच्याकडे बघायची नाही.

सोळाव्या दिवशी गोरख टेम्पो घेऊन आला आणि माझा कागद कान्हूच्या हातात दिला. "एकोणीस झाल्याशिवाय दोरी सोडायची नाही. एक जरी बाहेर राहिलं तर ते दुसरी टोळी घेऊन येतं."

अठरा आत गेली. टीसी बाहेर, कान्हूपासून दोन हातांवर. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो कागदाकडे, जसं काही त्यात पुढचं लिहिलं होतं. शेवटी त्याने केळ घेतलं, वाकून स्वतः पिंजऱ्यात शिरला, आत मांडी घालून बसला आणि जिभेने टकटक आवाज केला. ती आली. त्याच्या गुडघ्याशी बसून केळ सोलायला लागली. तो मागे न बघता बाहेर आला आणि दोरी सोडली.

त्यानंतर जो आवाज झाला तो मी वहीत लिहिलेला नाही.

सोडायचं कुठे, यावर टेम्पोपाशी बोलणं झालं. गोरख म्हणाला, घाटात, हायवेच्या कडेला, सगळे तिथंच सोडतात. कान्हूने पिंजऱ्याचा गज धरून ठेवला.

"तितं गाड्यांखाली मरतील."

"मग काय, तुझ्या घरी सोडू?"

"आमच्या वाडीच्या वर देवाची राई हाय. पठारापत्तूर टेम्पो जातो. उंबर हायेत, बारा म्हैनं पाणी हाय. तितं कुणी दगुड मारत न्हाई. राईतलं वाळकं लाकूडबी कुणी उचलत न्हाई. देवाचं असतं समदं."

"जवळ आहे ना? बस मग. डिझेल वाचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हू स्वतः मला सांगायला आला. एवढं बोलताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. दार उघडल्यावर टीसी सगळ्यात शेवटी उतरली म्हणे, उंबराखाली पाणी प्याली आणि मग सगळी वर चढली. "चांगल्या जागी सोडली ताई. देवाच्या वटीत घातली." मी वही काढली. संख्या एकोणीस, गेली: वरच्या वाडीची राई. 'कुठे गेली' हा रकाना इतका नेमका कधी भरला नव्हता. मला बरं वाटलं. दसऱ्याला शेटने कान्हूला सदरा दिला आणि मला पेढे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सारजाबाई भांडी घासता घासता थांबली. माझ्याकडे ती बोलायला थांबत नसे.

"वर नाचणी गेली ताई."

"पाऊस?"

"माकडं. पयली बी व्हती थोडी रानात. पर रानातली माकडं माणूस दिसला की पळत्यात. ही माणूस दिसला की येत्यात."

पुढचं दोन दिवसांनी कळलं. कान्हूची आई अंबूबाई, पंचाहत्तरीची, भाताच्या राखणीला बांधावर बसली होती. भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. फाटक्या कानाच्या माकडिणीने येऊन पिशवी धरली. खाली आमच्या गल्लीत असं झालं की माणूस पिशवी सोडतो, ओरडतो आणि फोटो काढतो. म्हातारीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने भाकरी सोडली नाही. दोघींनी ओढली आणि म्हातारी बांधावरून पुरुषभर खाली पडली. खुबा मोडला. घोंगडीच्या झोळीतून तिला खाली आणली. ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरने सांगितलं आणि झोळी परत वर गेली.

वाडी देवळात बसली. कान्हूला कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. श्रीपती नावाचे वाडीतले सगळ्यात जुने आबा, त्यांनी फक्त विचारलं, "आणली कुणी?"

"मी," कान्हू म्हणाला.

"राईत का सोडलीस?"

"तितं कुणी मारणार न्हाई म्हणून."

"न्हाईच मारणार. आता ती देवाची झाली. राईत शिरून हुसकायचीबी सोय ऱ्हायली न्हाई." मग आबांनी दाराबाहेरच्या रानाकडे बोट केलं म्हणे. "आमचं भात उभं हाय. कापून घरात येईस्तवर समद्यांच्या रानाची राखण तुझ्याकडं. त्याच्याफुडं तुझं तू, आमचं आमी."

कान्हूने मान हलवली आणि तो वाडीतच राहिला. महिना लागणार होता. शेटला फोन केला. शेट दुसऱ्या दिवशी आला आणि मला व्हरांड्यात बघून माझ्याकडेच बोलला, कारण समोर सारजाबाई खाली मान घालून उभी होती.

"ताई, तुम्हीच सांगा. मी दसऱ्याचं बोललो ते पाळलं की नाही? माकडं गेली, खोली राहिली. आता बंगल्याला माणूसच नाही तर खोली कुणासाठी ठेवू? बुकिंगं आहेत माझी."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. तीच तर त्याची खुबी. लातूरकडचं जोडपं रविवारी आलं. बाई हसरी, गडी उंच. खोलीतलं सामान दोन पोत्यांत मावलं. पुस्तकांचं तिसरं पोतं.

त्या संध्याकाळी सारजाबाई माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"ताई, तुमची वरची खोली… पोरगी कोपऱ्यात पडून ऱ्हाईल. परीक्षेपत्तूर. झाडलोट करंल, पानी भरंल. म्हातारीचं मी सकाळ-संध्याकाळ बघती, दिवसा पोरीचा बा हायेच."

माझी वरची खोली तेरा वर्षं रिकामी आहे. गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली आहे. मी म्हणाले, "अगं, दिवाळीला मुलगा येतो. त्याला कुणी परकं असलेलं चालत नाही." मुलगा आला. दीड दिवस राहिला, खालीच झोपला. तो वर गेला नाही. त्याला कुणी असलेलं चालतं की नाही, हे मी त्याला कधी विचारलेलंच नाही.

मुलगी वरच्या वाडीला गेली. आणि एकदा ती वर गेल्यावर घरातलं सगळं काम तिला शोधत आलं. नाचणी गेलेली, तेव्हा धान्य विकत आणायची वेळ आली. भात घरात आलं तसा कान्हू तळेगावला खोदकामावर गेला आणि तिथेच राहायला लागला. सारजाबाई पहाटे उतरायची, दिवेलागणीला चढायची. राहिली म्हातारी आणि वालाचं रान. दोन्हीपाशी हर्षदा.

हिवाळा कोरडा गेला. धोबी आला, लॉनवर फिरला. वडावर कुणी नव्हतं. जानेवारीत धरणाच्या पलीकडून चौदा माकडांची नवी टोळी उतरली आणि चौथ्या दिवशी 'निसर्गसाद'च्या भिंतीवर बसली. जागा रिकामी होती, त्यांनी भरली. शेट माझ्या फाटकाशी आला, नमस्कार वाकून. मी म्हणाले, वही संपली.

फेब्रुवारीत बारावीचं हॉल तिकीट सारजाबाईने कॉलेजातून आणलं आणि माझ्याकडे वाचायला दिलं. पहिला पेपर इंग्रजी, मंगळवारी अकरा ते दोन. एक दिवसाआड पुढचे.

"मी खाडे करती," ती म्हणाली. "सा पेपर हायेत. दोन बंगले जातील, जाऊ द्या."

"खाडे करू नको," मी म्हणाले. "मी वर जाते. पेपरच्या दिवशी म्हातारीजवळ मी बसते, रानही राखते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती वरच्या खोलीचं काही बोलेल. ती म्हणाली, "चढण लय हाय ताई. काठी घ्या."

सोमवारी संध्याकाळपर्यंत मी वर पोचले, चार ठिकाणी बसत. घर कुडाचं, सारवलेलं. दाराच्या आत खाटेवर अंबूबाई, चिमटीत मावेल एवढी. हर्षदाने चहा केला. तीन महिन्यांत हाताला घट्टे आले होते आणि बोलणं परत वाडीचं झालं होतं. माझ्याशी बोलताना ती ते मध्येच सरळ करायची.

सकाळी निघताना तिने मला रान दाखवलं. घराच्या खालच्या अंगाला, दोन बांधांमध्ये. वाल शेंगांनी वाकला होता. आणखी दहा-बारा दिवसांत काढायचा. घरात तेवढंच यायचं राहिलं होतं.

"काकू, हा डबा आणि ही काठी. त्यांच्या डोळ्याकडं बघायचं नाही. राईच्या बाजूला उभं राहायचं आणि वाजवत राहायचं. आजीला दहाला पेज द्या."

"अगं, मी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. सकाळची फेरी झाली की चारशिवाय ती उतरत नाहीत."

"इथं कधीही येतात," ती म्हणाली. मग घाईने, "पण तुम्हाला माहीत असेल." चपला पिशवीत घातल्या, अनवाणी निघाली, चपला कॉलेजात घालायला.

दहाला पेज दिली. अकरा वाजता मी म्हातारीला म्हणाले, पेपर सुरू झाला. ती म्हणाली, "लिवंल. हुशार हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "वाईच गोड खायाला हाय का वो तुमच्याकडं? पेज खाऊन तोंड मरून गेलंय."

माझ्याकडे बिस्किटं होती. तिच्यासाठीच आणलेली, मोठा पुडा. मी खाटेवर बसून तो फोडला.

प्लास्टिकचा पुडा फोडताना होणारा आवाज. वलवणमध्ये तो ऐकला की मी स्वतः आधी खिडकी लावते. गल्लीतलं लहान पोरही लावतं. पण मी वाडीत होते, डोंगरावर, कुडाच्या घरात. मला खिडकी सुचली नाही. दार उघडं होतं.

आधी दारात सावली आली. मग टीसी. फाटका कान, पोटाला चिकटलेलं नवं पिल्लू. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ खाटेकडे आली, जसा कुणी ओळखीच्या ऑफिसात येतो. अंबूबाई ओरडली. मी तिच्या अंगावर आडवी पडले. पुडा गेला. पुड्यामागे छपरावर धपाधप उड्या, पेजेचं पातेलं उलटलं. मी काठी फिरवली तशी ती बाहेर पडली, आणि बाहेर वालाचं रान होतं.

मी डबा घेऊन धावले. म्हातारी मागून हाक मारत होती, मला टाकून जाऊ नका. बांधावर उभी राहून डबा वाजवला. पोरांनी एकदा वर बघितलं आणि परत शेंगा तोडायला लागली. अर्धी खायची, अर्धी टाकायची, वेल मुळासकट ओढायचा. माझे ओठ हलत होते. मी मोजत होते. तेवीस. चार नवी.

शेजारच्या रानातून एक माणूस ओरडला, "दगुड मारा बाई! राईत न्हाईत आता ती, भायेर हायेत, मारा!" तो त्याचा बांध सोडून आला नाही. सोडला असता तर त्याच्याकडे शिरली असती. मी दगड उचलला. टीसी येऊन माझ्यासमोर बसली, पिल्लू छातीशी. मग तिने हात लांब करून माझ्या कमरेची पिशवी चाचपली. पिशवीत चष्मा आणि रुमाल होता. तिने दोन्ही काढून बघितलं, खाली टाकलं. दगड माझ्या हातातच होता.

घरातून रडणं ऐकू आलं म्हणून मी परत आत पळाले. म्हातारीचा एक पाय खाटेखाली लोंबत होता आणि ती किंकाळ्या फोडत होती. तिला सरळ करेपर्यंत, पाणी पाजेपर्यंत, तिचा हात सोडवून घेईपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बाहेर आले तेव्हा शेजारच्या माणसाने गोफण चालवून त्यांना मधल्या बांधापलीकडे थोपवलं होतं. वरचा अर्धा तुकडा उभा होता. खालच्यात हिरव्या पाल्याची चटई.

हर्षदा पाचला आली. दुरूनच तिला दिसलं असणार, कारण ती धावली नाही. घरात जाऊन आधी आजीचा पाय बघितला, घोंगडी सारखी केली, मग रानात गेली. कॉलेजच्या कपड्यांत वाकून एकेक वेल उचलून बघायला लागली.

"पेपर कसा गेला?" मी विचारलं.

"सोपा होता."

"हर्षदा, तो बिस्किटाचा पुडा…"

"आजीनं सांगितलं."

"गुरुवारी हिंदी आहे ना. मी थांबते इथंच. आता मला कळलंय कसं…"

"न्हाई काकू." तिने या वेळी बोलणं सरळ केलं नाही. "अर्धं हाय अजून. तेवढं तरी घरात आणाया पायजे. मी नसले तर तेबी जाईल."

"मग तुझ्या आईला राहू दे."

"आईला आता एकबी खाडा जमणार न्हाई. हे बघा ना." तिने खालच्या तुकड्याकडे हात केला.

"जुलैला परत देता येतात गं पेपर. राहिलेले."

"व्हय," ती म्हणाली. "देईन की." हे तिने म्हातारीला म्हणावं तसं म्हटलं, समजूत घालायला.

बाजूला तिने ओंजळभर शेंगा गोळा केल्या होत्या, तुटून पडलेल्या, खाण्यासारख्या. तिने त्या माझ्यापुढे धरल्या.

"तुमी निघा आता, ऊन हाय तवर. उतरताना गुडघं धरत्यात. आन् ह्या घिऊन जा. न्हाईतरी सुकून जातील."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. तिचे हात तसेच पुढे होते, बोटं शाईने आणि पाल्याने माखलेली. मी पदर पसरला.